साडेसात ठोके

‘धरलेत,’ असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं, आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मोठ्या भावाला नाही. आठ-नऊ वर्षं झाली. आधी वाटायचं, सांगण्यासारखं त्यात काय आहे? एक शब्द तर होता. पुढे पुढे असंही वाटेनासं झालं. काहीच वाटेनासं झालं म्हटलं तरी चालेल.

मी एका वाहतूक कंपनीत नोकरीला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचा यात दोष नाही, दोष माझा आहे. इतवारीजवळ दुमजली ऑफिस. वरच्या मजल्यावर आम्ही, म्हणजे आकडेमोडीचा विभाग, मॅनेजरसाहेब आणि दोन कूलर. खालच्या मजल्यावर बुकिंग, आणि बुकिंगच्या मागे तारखोली. रायपूर, जबलपूर, अकोला, इंदूर अशा आमच्या शाखांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारा त्या खोलीत येत. टेलिप्रिंटरवर दिवसभर निरोप जायचे आणि यायचे. कुठला ट्रक सुटला, बिल्टीचा नंबर काय, नग किती, गाडी कुठं अडली. दाराशी उभं राहिलं तरी कानात खडखडाट भरायचा. वरच्या लोकांपैकी कुणी फारसं तिकडं फिरकायचं नाही.

त्या खोलीचे प्रमुख कामठीचे होते. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. फौजेत सिग्नलला पंधरा वर्षं काढून आलेले. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा आईवडिलांबरोबर तेही मैदानावर होते, तिशीला टेकलेले, फौजेतून रजेवर आलेले. हे त्यांनी स्वतः मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. रोज सकाळी कामठीहून बसनं येत, आणि ऑफिस उघडायच्या आधी हजर असत. त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. ‘माह्या खोलीतून निरोप लेट गेला नाही कधी.’ हे ते कुणाला ऐकवण्यासाठी म्हणत नसत. मशीन पुसता पुसता म्हणत.

त्यांच्या हाताखाली तिघं. त्यातली एक मुलगी जाड चष्म्याची, बोलायला तिखट. पुढच्या गोष्टीत ती येते, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. कंपनीनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. मुंबईहून विक्रेत्यांचा माणूस आला, टाय लावलेला, आणि त्यानं विचारलं, तुमच्या लाइनींचा वेग बिट्समध्ये किती? आमच्याकडे सगळं जुन्या मापात होतं. मशीनच्या पाटीवर ‘बॉड’, तारखोलीच्या वहीत ‘मिनिटाला शब्द’, आणि लाइन भाड्यानं देणाऱ्यांच्या कागदावर कॅरिअरचे दर, म्हणजे टेलिफोनच्या एका वाहिनीवर चोवीस तारा कशा बसवल्या त्याचे. हे सगळं नव्या मापात उतरवून एक तक्ता करायचा होता. मी बी.एस्सी., गणित घेऊन. काम माझ्याकडे आलं. तिशी ओलांडली होती आणि तोवर कुणी माझ्याकडे नीट बघितलं नव्हतं. मला आनंद झाला.

पाटीवरचे आकडे उतरवून घ्यायला मी तारखोलीत गेलो. दहा मिनिटं होतो. चष्म्याची मुलगी म्हणाली, “काय लिहून राहिले जी साहेब? मशीनची कुंडली काढून राहिले का?”

मी म्हणालो, “वेग काढतोय.”

“मंग तिले चाय पाजा. जलदी चालन.”

मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, “गप वं.” पण हसले. मला म्हणाले, “बसा न साहेब. पट्टी कशी जाते ते पाहून घ्या.”

मी बसलो नाही. आवाज सहन होत नव्हता, आणि मला पाहायचं तरी काय, असं वाटलं. आकडे तर मिळाले होते.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. पाटीवर होतं पन्नास बॉड. म्हणजे तारेवरून एका सेकंदाला पन्नास ठोके जातात. विक्रेत्याच्या पुस्तिकेत होतं, टेलिप्रिंटरचं अक्षर पाच बिटांचं. मी पन्नासला पाचनं भागलं. सेकंदाला दहा अक्षरं. मिनिटाला सहाशे. तारेच्या हिशेबात मधली जागा धरून सहा अक्षरांचा एक शब्द, म्हणून मिनिटाला शंभर शब्द, तासाला सहा हजार. तक्त्यात ‘क्षमता’ या रकान्यात मी सहा हजार लिहिलं. शेजारी ‘प्रत्यक्ष’ असा रकाना. तो तारखोलीच्या वहीतून भरला. गर्दीच्या तासांना आकडे यायचे तीन हजार नऊशे सत्तर, तीन हजार नऊशे ऐंशी. त्यापुढे तिसरा रकाना मी माझ्या मनानं काढला, कुणी सांगितला नव्हता. त्याला नाव दिलं ‘तफावत’. रोज तेहतीस टक्क्यांहून थोडी जास्त.

तारखोलीतले लोक मिनिटाला सहासष्ट शब्द म्हणायचे. मला वाटलं, तो माणसाच्या बोटांचा वेग असणार. निरोप आधी कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून तयार करतात, मग ती पट्टी यंत्रात लावतात, आणि यंत्र ती आपल्याच वेगानं ओढतं, तिथं बोटांचा काही संबंध राहत नाही, हे मला माहीत नव्हतं. मास्तर बसा म्हणाले तेव्हा बसलो असतो तर कळलं असतं.

तक्ता मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी पहिले दोन रकाने वाचलेच नाहीत. तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “ये तैंतीस परसेंट कहाँ जाता है?”

मी म्हणालो, “ते वापरलं जात नाही, सर.”

“वापरलं जात नाही म्हणजे काय? काम नाही करत, असं बोला न.”

ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, “फौजेतला आहे म्हणून ठेवला. आता शेवटी...” आणि थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खोलीत साहेब, मी आणि आमच्या विभागातले आणखी दोघं, असे चौघं होतो. प्रत्येकानं ते मनातल्या मनात पुरं केलं, कसं ते इथं लिहायची गरज नाही. मीही केलं. हेही आजवर सांगितलेलं नाही.

साहेबांनी तक्ता दाखवून मास्तरांना जाब विचारला, आणि चार दिवसांनी मास्तर वर आले. जेवायच्या सुट्टीत, बाकीचे डबे घेऊन गच्चीवर गेले होते तेव्हा. हातात पट्टीची गुंडाळी आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलेलं. माझ्या टेबलावरचे कागद एका बाजूला सारून त्यांनी पट्टी उलगडली. टेबलाच्या दोन्ही कडांवरून ती खाली लोंबायला लागली.

“साहेब, हे पाहा. या पेन्सिलच्या खुणेपासून या खुणेपर्यंत एक मिनिट. अक्षरं मोजली मी. चारशे. तीन डाव मोजली. चारशेच. मशीन याच्यावर एक अक्षर जास्त टाकत नाही. मंग तुमचे सहाशे कुठून आले जी?”

“बॉडवरून काढले.”

“हो, ते बराबर. पन्नास ठोके. पण साहेब, अजून एक सांगतो, रागावू नका.” ते उभेच होते. मी बसा म्हणालो नव्हतो. “तुमच्या कागदावर रोज तिसरा हिस्सा कमी. सोमवारी तिसरा हिस्सा, मंगळवारी तिसरा हिस्सा. माह्या खोलीत एक पोरगी तापानं घरी होती त्या दिवशीबी तिसराच हिस्सा. माणूस कामचोर असन तर रोज सारखाच कामचोर राहते का? एखाद्या दिवशी तर जास्त चोरन.”

मी पट्टीकडे बघत होतो. बारीक भोकांच्या पाच ओळी, आणि मधून पट्टी ओढायच्या दात्यांची आणखी बारीक ओळ.

मग त्यांनी विचारलं. “चालूचा आणि बंदचा ठोका धरला का तुम्ही?”

हा प्रश्न मला त्या क्षणी कळला नाही, हे खरं. चालूचा ठोका म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नाही असं मी त्यांना म्हणू शकत नव्हतो. ते खालच्या मजल्यावरचे होते. तेवढंच कारण होतं की आणखी काही, ते मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. उत्तर जे येतं ते मला आवडत नाही.

“धरलेत,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. मग पट्टी गुंडाळायला लागले. “तुम्ही शिकलेले माणसं. धरले म्हणता तर धरले असन. मंग चूक माह्याच खोलीत कुठं तरी हाय. पाहतो मी.”

ते जिन्यावरून उतरले. मी विक्रेत्याची पुस्तिका काढली. ज्या पानावर ‘पाच बिटांचं अक्षर’ होतं त्याच्या मागच्याच पानावर होतं. प्रत्येक अक्षराच्या आधी यंत्र एक ठोका देतं, अक्षर येत आहे हे सांगायला; हा चालूचा. मग अक्षराचे पाच. मग दीड ठोका थांबतं, अक्षर संपलं हे सांगायला; हा बंदचा. एका अक्षराला पाच नव्हे, साडेसात ठोके. पन्नास भागिले साडेसात. मिनिटाला चारशे. तासाला चार हजार शब्द.

म्हणजे चार हजारांतले तीन हजार नऊशे ऐंशी ती खोली पाठवत होती. शंभरातले नव्याण्णव. पट्टी संपून दुसरी लावायला जेवढा वेळ लागतो तेवढाच काय तो जात होता.

गच्चीवरून लोक परत आले तेव्हा मी पुस्तिका मिटून ठेवली होती. कुणीतरी मला संत्रं दिलं. मी ते सोलून खाल्लं. छातीत धडधड वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

यानंतर अठरा दिवस गेले. ते मी मोजलेले आहेत. या अठरा दिवसांत कधीही मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगू शकलो असतो की सर, भागाकार चुकला. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच दिवसांत नव्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख कोण, यावर बोलणी चालली होती, आणि माझं नाव घेतलं जात होतं ते त्याच तक्त्यामुळे. साहेब पाहुण्यांना तो दाखवायचे. ‘हमारे लड़के ने पकड़ा,’ असं म्हणायचे.

आणि मी एक गोष्ट केली. गप्प बसण्याहून ती वाईट आहे. मुंबईला यंत्राची मागणी पाठवायची वेळ आली तेव्हा चुकीचा आकडा पाठवणं परवडणारं नव्हतं. यंत्र चुकीचं आलं असतं तर माझी मान अडकली असती. म्हणून मी तक्ता पुन्हा केला. साडेसातनं भागून, सगळे आकडे बरोबर, ‘तफावत’ हा रकाना काढून टाकून. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सुधारित’ असं लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. तो कागद मुंबईला गेला. पहिला कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहिला. यंत्रासाठी खरा आकडा गेला आणि माणसासाठी खोटा राहिला. दोन्ही माझ्याच अक्षरात.

अठराव्या दिवशी मास्तरांना कामठी रोडच्या गोदामात धर्मकाट्यावर पाठवलं. येणाऱ्या ट्रकांची वजनं लिहायला. पगार तोच. साहेब म्हणाले, “घर के पास दे रहे हैं, उनका भी भला.” मी बातमी जिन्यात ऐकली. खाली गेलो तेव्हा ते मशीनवरची धूळ पुसत होते, रोजच्यासारखी. माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, जबलपूरच्या मशीनले आठ दिवसांनी तेल लागते. नव्या माणसाले सांगून द्या. तो विसरन.”

मी हो म्हणालो. सांगायला मात्र विसरलो.

मला नवा विभाग मिळाला. प्रताप नगरला प्लॉट घेतला, पुढे घर बांधलं. मॉडेम आले, तीनशेचे, मग बाराशेचे. जुन्या चोवीस तारांचं जेवढं ओझं, तेवढं एका मॉडेमवर जायला लागलं. जुनं माप नव्यात उतरवायचं काम कायमचं माझ्याकडेच आलं. कुणालाही अडलं की म्हणायचे, त्यांना विचारा, त्यांचा हात बसलाय. खरोखरच बसलाय. साडेसात हा आकडा मी झोपेतही विसरणार नाही.

मास्तर मला त्यानंतर एकदाच भेटले, मागच्या वर्षी. सीताबर्डीवर, कामठीच्या बसच्या रांगेत. मिशा पांढऱ्या झालेल्या. मी त्यांना आधी पाहिलं आणि रस्ता ओलांडायला वळलो. पण त्यांनी हाक मारली.

“साहेब! ओळखलं का जी?”

“ओळखलं ना मास्तर. कसं चाललंय?”

“बरं हाय. रिटायर झालो. काट्यावरूनच झालो.” मग घरचं विचारलं, मुलांचं विचारलं. मुलगी शिक्षिका झाल्याचं सांगितलं. बस आली, ते चढले नाहीत. म्हणाले, “जाऊ द्या, मागून दुसरी येते. साहेब, एक इचारू का? तो तिसरा हिस्सा. सापडला का मंग?”

“कुठला?” मी म्हणालो. कुठला ते मला माहीत होतं.

“तोच जी. माह्या खोलीतला. मी लय शोधला. काट्यावर बसल्या बसल्याबी पेन्सिलनं काढत राहायचो. ट्रक नसला की काढायचो. माह्या हिशेबानं मशीन भरून चालून राहिली होती. पण तुमच्या कागदावर तर कमी. मंग मले वाटलं, त्या चष्म्यावाल्या पोरीचा हात ढिला असन. जायच्या आधी लय बोललो मी तिले. सगळ्यांपुढं बोललो. तिनं महिन्याभरात नोकरी सोडली, तुमाले माहीत असन.”

मला माहीत होतं. घरच्या अडचणीमुळे सोडली असं मी समजून घेतलं होतं.

“तिचं तोंड तिखट होतं,” मास्तर म्हणाले, “पण हात ढिला नव्हता. मले अजूनबी पटत नाही. काहून बोललो मी तिले?” ते माझ्याकडे पाहत होते, त्या दिवशी टेबलापाशी पाहिलं होतं तसंच. मी सांगेन म्हणून वाट पाहत होते असं मला वाटतं. किंवा तसं काही नसेल. मी शिकलेला माणूस, मला ठाऊक असेल, एवढंच असेल.

मी म्हणालो, “नाही. सापडला नाही.”

“जाऊ द्या. पुरानी गोष्ट.” दुसरी बस आली. ते चढले, खिडकीशी जागा मिळाली, आणि त्यांनी आतून हात वर केला. मीही केला.

माझा समज असा होता की मी एका माणसाची जागा घालवली. त्या दिवशी रांगेत कळलं की तेवढंच नव्हतं. त्यांचा कान बरोबर होता, घड्याळ बरोबर होतं, चारशे अक्षरं बरोबर होती, आणि माझ्या एका शब्दासाठी त्यांनी या सगळ्यावरचा विश्वास सोडला. मग आपल्याच माणसावर संशय घेतला. तो शब्द मी फुकट वापरला होता.

गेल्या महिन्यात ऑफिसातला शेवटचा टेलिप्रिंटर काढला. जुन्या लाइनींची नोंद नव्या मापात ठेवायची म्हणून नवीन आलेल्या इंजिनिअर बाईंनी माझ्याकडे तक्ता मागितला. मी दिला. त्यांनी नीट वाचला, माझ्या माहितीत तो नीट वाचणाऱ्या त्या पहिल्याच. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “सर, इथं ‘सुधारित’ लिहिलंय. म्हणजे आधीचाही एक असेल ना?”

“असेल,” मी म्हणालो. “हरवला.”

हरवलेला नाही. मॅनेजरसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांचं ड्रॉवर मीच रिकामं केलं होतं. तो कागद घरी आहे, कपाटात, एलआयसीच्या पावत्यांखाली. ‘तफावत’ हा शब्द मी तेव्हा फार वळणदार लिहिला होता.

मास्तर कामठीला राहतात. प्रताप नगरहून सीताबर्डी, तिथून दुसरी बस. तासाभराचा रस्ता आहे. त्या मुलीचा पत्ता मला माहीत नाही, त्यांना माहीत असेल.

मी त्यांना एक कागद देणं लागतो. त्यावर एवढंच हवं की तुमच्या खोलीत तिसरा हिस्सा कधी कमी नव्हता, चालूचा आणि बंदचा ठोका मी धरला नव्हता, आणि हे मला त्याच दुपारी कळलं होतं. खाली माझी सही. तसाच एक त्या मुलीला. दोन्ही अजून दिलेले नाहीत.